कफ घट्ट, चिकट की चिवट?

प्रश्न असा आहे: सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकातल्या बिघाडामुळे होणारा आजार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक वाचक मराठीत माहितीपत्रक तयार करताहेत. त्यांनी 'या मुलांचा कफ घट्ट व चिकट असतो' असं लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'श्यानता व स्थितिस्थापकता दोन्ही वाढतात' अशी दुरुस्ती सुचवली. श्यानता हा शब्द आला कुठून, पालकांना तो कळेल का, आणि नाही तर त्याऐवजी काय लिहावं, असं त्यांनी विचारलं आहे.

श्यानता हा व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे द्रवाच्या दाटपणाचा, पारिभाषिक प्रतिशब्द. दिसायला परका, पण गोत्र घरचं. संस्कृत धातू श्यै, म्हणजे गोठणं, थिजणं. थिजलेल्या तुपाला जुने वैयाकरण 'शीनं घृतम्' म्हणत, ते याच धातूचं रूप. शीत हा शब्दही त्याचाच. याच धातूला प्रति लागून प्रतिश्याय झाला, म्हणजे सर्दी, आणि तो झिजत झिजत मराठीत झाला पडसं. म्हणजे श्यानता आणि पडसं ही एकाच कुळातली भावंडं! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. तरीही माहितीपत्रकात श्यानता घालू नये असंच मी म्हणेन. दवाखान्याच्या बाकावर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हे नातं ठाऊक असण्याचं कारण नाही.

पण डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. 'घट्ट व चिकट' यात एक गुण निसटतो. घट्ट किंवा दाट म्हणजे सहज न वाहणारा; हीच श्यानता. चिकट म्हणजे ज्याला लागेल त्याला धरून बसणारा. तिसरा गुण ताणलं तरी न तुटण्याचा, सोडलं की मागे ओढलं जाण्याचा. लाडवांचा पाक एकतारी झाला का, हे आपण अंगठा आणि तर्जनी यांत थेंब धरून पाहतो. बोटं हलकेच दूर केली की तार निघते. पाक दाट आहे म्हणून ती निघते, पण तार तुटल्यावर पाक मागे ओढला जात नाही. कफाची तार मात्र रबरासारखी आखडते. हीच स्थितिस्थापकता, आणि तिला मराठीत रोजचा शब्द आहे: चिवट. वातड पोळीला आपण चिवट म्हणतो ते उगीच नाही.

या आजारात तिन्ही गुण वाढतात, त्याचं मूळ पाण्यात आहे. सीएफटीआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. त्यातल्या बिघाडामुळे श्वासनलिकांच्या अस्तरातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर येत नाहीत आणि श्लेष्म, म्हणजे नलिकांना आतून ओलसर ठेवणारा बुळबुळीत द्राव, कोरडा पडतो. निरोगी श्लेष्मात शंभरात सुमारे ९७-९८ भाग पाणी असतं. ते कमी झालं की म्यूसिन प्रथिनांचं जाळं आवळतं, आणि नलिकांच्या आतली लव त्याला वर ढकलू शकत नाही. साचलेल्या कफात जंतू वाढतात, त्यांच्याशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींमधलं डीएनए त्यात मिसळतं. डीएनएचे लांबच लांब धागे, मग चिवटपणा वाढणारच.

शब्द वेगळे ठेवायचे ते यासाठीही, की उपचारही वेगवेगळ्या गुणांवर बेतलेले आहेत. ७ टक्के मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार नेब्युलायझरने देतात, ते श्लेष्मात पाणी ओढून आणतात. दाटपणावरचा हा इलाज. डॉर्नेज अल्फा हे औषध डीएनएचे धागे कापतं, म्हणजे चिवटपणावर घाव. पालकांना 'घट्ट' एवढंच सांगितलं तर दोन औषधं कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच ठरतो.

जाता जाता: या आजाराचं जुनं नाव म्यूकोव्हिसिडोसिस. जर्मन आणि फ्रेंचमध्ये आजही त्याच नावाची रूपं चालतात. त्यातला 'व्हिसिड' आणि व्हिस्कॉसिटी दोन्ही लॅटिन 'व्हिस्कुम'पासून आले, म्हणजे झाडावर वाढणारं एक बांडगूळ. त्याच्या फळांचा चिकट गर पक्षी धरायला वापरत. आपलं चिकटही असंच चीक या शब्दाच्या घरचं. फणस कापायला बसताना आधी हाताला आणि सुरीला तेल लावतात, तोच चीक.

आता वाक्य. मराठीत नाक वाहतं, पण कफ वाहत नाही, कफ सुटतो. चिकटलेलं असतं तेच सुटतं, म्हणून हे क्रियापद इथे अगदी नेमकं आहे. मी असं लिहीन: 'या मुलांच्या छातीतला कफ पाणी कमी असल्यामुळे दाट होतो, नळ्यांना चिकटून बसतो, आणि चिवट असल्यामुळे खोकलं तरी लवकर सुटत नाही.' डॉक्टरांच्या दोन्ही संज्ञा यात आल्या, दाट आणि चिवट या नावांनी. 'बेडका' मात्र खोकून बाहेर पडलेल्या गोळ्यालाच म्हणावं, आतल्याला कफच. आणि 'घट्ट'पेक्षा 'दाट' बरा, कारण घट्ट झाकणही असतं, मिठीही असते. दाट म्हटलं की डोळ्यांसमोर वरण, ताक, पाक असं काहीतरी ओतायचंच येतं.