टेस्ट कशा चालवायच्या ते नीट लिहून ठेव

अरे, रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाईलीत) नुसतं 'पायटेस्ट चालवा' लिहून सोडू नकोस; पायटेस्ट म्हणजे पायथन कोडच्या टेस्ट चालवणारं टूल. नवीन माणसाचं मशीन कोरं असतं, त्याला आधी व्हीएन्व्ह (ह्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवून चालू करायचंय, टेस्टची पॅकेजेस पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या टूलने) टाकायचीयत, मग कुठे पायटेस्ट, तर ह्या ओळी जशाच्या तशा कॉपी करता येतील अशा दे. पायथन कुठलं लागतं तेही. फेल झालेल्याच टेस्ट परत चालवायच्या तर पायटेस्टला डॅश डॅश एलएफ द्यायचं, हे हवंच, रोज लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेट लागणाऱ्या टेस्टना 'नेटवर्क' असा वेगळा मार्कर, म्हणजे लेबल, लाव आणि त्या वगळायच्या कशा ते लिही. मी देवगडला घरून काम करतो, जुलैत पाऊस धरला की लाईट जाते, मागोमाग रेंज, तेव्हा बॅटरीवर डॅश एम 'नॉट नेटवर्क' देऊन बाकीच्या टेस्ट आरामात चालतात, पण एका प्रोजेक्टात हे कुठेच लिहिलं नव्हतं आणि टाइमआउट माझ्याच कोडमुळे येतोय समजून मी अख्खी संध्याकाळ शोधत बसलो, फार वाईट वाटलं. मार्करचं नाव पायटेस्टच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाईलीत) नोंदव हां, नाहीतर वॉर्निंग येते.

लिहून झालं की नव्या फोल्डरात प्रोजेक्ट क्लोन करून, म्हणजे त्याची ताजी प्रत घेऊन, तुझ्याच ओळी एकेक करून चालवून बघ, मला दर वेळी एखादी राहिलेली सापडतेच.