नाताळात मन कोरडं राहिलं, म्हणजे विश्वास आटला का?

"ताई, गेल्या नाताळात उपासनेला सगळे उभे राहून गात होते आणि माझ्या डोक्यात एकच, करंज्या पाहुण्यांना पुरतील का? गव्हाणीकडे बघून काहीच वाटलं नाही. माझा विश्वास संपलाय का?"

रूथ माझ्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी आली. हे नाव मी दिलेलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही तिच्या संमतीने बदलले आहेत. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ती शिक्षिका आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (मुलांचे बायबलचे वर्ग) तिच्याकडे, महिला मंडळाचा हिशेबही तिच्याकडेच. तिने विचारलं ते मला आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्या बहुधा मंडळीत सगळ्यात जास्त राबणाऱ्या बायका असतात.

विश्वासाकडे वळण्याआधी मी झोप, भूक, शाळेतलं लक्ष, सगळं विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठायचा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलताही येतं. अशा माणसाला 'प्रार्थना कमी पडते' म्हणून परत पाठवणं मला फार मोठी चूक वाटते. रूथचं तसं नव्हतं. शाळेत ती मुलांबरोबर हसत होती, झोपही ठीक होती. कोरडेपणा यायचा तो डिसेंबर लागला की.

मी तिला कॅलेंडरचं डिसेंबरचं पान भरायला दिलं. घराला रंग, दाराला चांदणी, मुलांचं नाटक, प्रीतिभोजनाची वर्गणी, घरोघरी नाताळगीतं गाणाऱ्या कॅरलवाल्यांचा चहा, लाडू, चकल्या, अनारसे, केक, सगळ्यांचे कपडे. पान गच्च भरलं. एकच जागा मोकळी राहिली, २४ तारखेची दुपार.

"इथे काही नाही?"

ती बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली. "इथे आई असायच्या."

आई म्हणजे सासूबाई. डिसेंबरात आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या गावाबाहेर पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या, कोप्या (झोपड्या) घालून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला दोघंही पहाटेच्या अंधारात फडावर जातात. पोटुशी बाईसुद्धा जाते, कारण खाडा परवडत नाही. सासूबाई दर २४ तारखेला फराळाचा डबा घेऊन त्या कोप्यांवर जायच्या, आणि लग्न झाल्यापासून रूथ त्यांच्याबरोबर. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या गेल्या. रूथने त्यांचा नाताळ जसाच्या तसा चालू ठेवला, अनारशांपासून रंगापर्यंत. ती दुपार तेवढी गळली. "वेळच नाही हो मिळत," ती म्हणाली आणि मग रडली. सासूबाई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच अशी रडत होती.

तेव्हा मला वाटलं, हिचा विश्वास आटलेला नाही. हिचं दुःख कामाखाली दाबलं गेलंय, आणि एक भावना दाबली की तिच्याबरोबर बाकीच्याही दबतात. माणसाला गाण्यातही काही वाटेनासं होतं.

इथे बायबलातली मार्था आणि मरीयेची गोष्ट सांगायचा मोह होतो: मार्था कामात राबते, मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, आणि येशू मरीयेची बाजू घेतो. मी ती सांगितली नाही. राबणाऱ्या बाईने ती जन्मभर बोलणं खाल्ल्यासारखी ऐकलेली असते. आणि लूकच्या ज्या दहाव्या अध्यायात ती गोष्ट आहे, त्याच अध्यायात तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. तो वाटेत जखमी पडलेल्या माणसासाठी थांबतो, त्याच्या जखमा बांधतो, उतारशाळेचे पैसे भरतो. म्हणजे कामाला दोष नाही. रूथला मी एवढंच विचारलं की या पानावरचं कुठलं काम कुणासाठी आहे.

तिने पेन्सिल घेतली. बऱ्याच कामांपुढे 'लोक' असं लिहिलं. अनारशांपुढे 'नणंद'.

काही कामं सोडायची ठरली आणि ते सोपं गेलं नाही. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, आईच्या वेळी असं नव्हतं." रूथ दोन दिवस अस्वस्थ होती. शेवटी रंग सोडला, अनारसे सोडले, नाटक तरुण संघाने घेतलं, करंज्या बचत गटाकडून आल्या.

पुढच्या भेटीत ती एका ट्रंकेबद्दल बोलली. सासूबाईंच्या सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. दोन वर्षांत तिला ती उघडवली नव्हती. "ताई, बायबलात 'बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले' असं आहे ना, ते बाळंतं म्हणजे आपलं बाळोतंच की. कोप्यांवर दर वर्षी तान्ही बाळं असतात. त्या साड्यांची दुपटी शिवू का?" ही कल्पना सर्वस्वी तिची. मला ती सुचलीही नसती.

मी दोनच गोष्टी सांगितल्या. मंडळीच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायचे नाहीत. आणि दुपट्याच्या बदल्यात काही मागायचं नाही, आपले चार शब्द ऐकून घ्यावेत एवढंसुद्धा नाही. आधी त्या बायकांना विचारायचं, काय हवंय. याबद्दल मी आग्रही आहे, कारण देणाऱ्याचा हात वर राहिला की घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

ती आधीच्या आठवड्यात जाऊन विचारून आली. एका बाईचं बाळ वीस दिवसांचं होतं. तिला दुपटं हवंच होतं, पण त्याआधी तिला विचारायचं होतं की बाळाला लस कुठे मिळते. गाव सुटलेलं, इथलं कुणी ओळखीचं नाही. रूथने आशाताईंना, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा कार्यकर्तीला, गाठलं, आणि २४ च्या दुपारी दोघी मिळून नऊ दुपटी घेऊन गेल्या.

जानेवारीत ती आली तेव्हा मी विचारलं, "उपासनेत कसं वाटलं?"

"सुरुवातीला पाहुण्यांचाच विचार चालू होता," ती म्हणाली. "मग पाळकांनी लूकचा दुसरा अध्याय वाचला. बाळंत्यापाशी आले आणि माझ्या हाताला ते सूत लागल्यासारखं झालं. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून वाचलं तेव्हा ती कोपी दिसली, पाचटाचा वास आला. आनंद झाला असं नाही म्हणता येणार, ताई. आईंची फार आठवण आली. पण मी तिथे होते, पूर्ण."

नणंदेला तिने ट्रंकेबद्दल सांगितलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, पुढच्या वेळी मीही शिवायला येते.

निघताना रूथने विचारलं, ट्रंकेत दोन साड्या उरल्यात, त्याही फाडू का? मी म्हटलं, एक ठेव. तिने निळ्या काठाची ठेवली आहे. यंदा २५ तारखेला तीच नेसणार म्हणते.