राजारामपुरीतून गोकुळ शिरगावला रोज सायकलने जायचंय. नवीन डिझाइनमधलं खरंच कामाचं काय?

आधी पाऊस बघा, फॅशन नंतर. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उघडी चेन आणि डिरेलर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअरचा भाग) चिखलाने भरतात. म्हणून मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, बसवलेले बंदिस्त गिअर मला सर्वात हुशार डिझाइन वाटतात. कल्पना जुनीच, स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीने तीन गिअरचा हब 1902 च्या सुमारास आणला. सिग्नलला उभं राहूनही गिअर बदलता येतो, हे साध्या डिरेलरला जमत नाही. वजन थोडं वाढतं आणि पंक्चर काढताना मागचं चाक उतरवणं कटकटीचं, एवढं मात्र आहे.

दुसरी गोष्ट हब डायनॅमो, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज बनवणारं यंत्र. टायरला घासणारा जुना डायनॅमो पावसात घसरतो. हा पुढच्या चाकाच्या हबमध्येच असतो, साधारण 6 व्होल्ट, 3 वॅट देतो. चार्जिंगची भानगड नाही. दिवा कपॅसिटरवाला (थोडी वीज साठवणारा) घेतला, तर थांबल्यावरही थोडा वेळ पेटता राहतो. हायवेवर रात्रपाळीहून परतताना हे फार मोलाचं.

चाकांना डिस्क ब्रेक आणि लांब मडगार्ड हवेतच. डबा-लॅपटॉप पाठीवर नको, कॅरिअरला अडकवायची पॅनिअर बॅग घ्या, पाठ घामाने भिजत नाही.

फोल्डिंग सायकल? ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या नेहमीच्या फोल्डिंग सायकलची चाकं 16 इंची. बसमध्ये किंवा ऑफिसात टेबलाखाली ठेवायची असेल तरच घ्या, आपल्या खड्ड्यांत लहान चाक जास्त आदळतं. ब्लूटूथवाली हेल्मेटं सध्या राहू द्या.