बाहेर गोड, घरात तिखट

ताई, मी इंदूरची. सुदामानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकच. आपल्या वागण्यातून प्रभू दिसावा, असं लहानपणापासून शिकवलंय, म्हणून कुणाला नाही म्हणत नाही. वरच्या काकूंच्या नातवाला रोज शाळेत सोडते, शाळा माझ्या वाटेवरच आहे. ऑफिसातली एक मैत्रीण तिची रविवारची ड्यूटी माझ्यावर टाकते. तीन महिन्यांत सात उपासना चुकल्या, तारखा लिहून ठेवल्यात. आणि घरी? सासूबाईंनी एक गोष्ट दोनदा विचारली की खेकसते. परवा ओला-सुका एकत्र झाला म्हणून कचरागाडीवाल्या मुलाने बादली परत दिली, तर त्याच्यावरही ओरडले. मी ढोंगी आहे का?

— हसून हसून गाल दुखलेली

अगं, ढोंगी कसली, दमली आहेस तू. आणि वड्याचं तेल वांग्यावर काढते आहेस.

बायबलमधलं मत्तय ५:४१ तुला पाठच असेल. एक कोस वेठीस धरलं तर दोन कोस जा. रोमी शिपाई वाटेत कुणालाही धरून ओझं वाहायला लावत. पहिला कोस त्याच्या जबरदस्तीचा, दुसरा आपल्या मनाचा. तुझ्या सात रविवारांत मनाचा कोस मला एकही दिसला नाही. आणि तुला धरणारा शिपाई म्हणजे ती मैत्रीण नव्हेच. 'ख्रिस्ती असून अशी वागते, असं म्हणतील' ही धास्ती. नातवाचं मात्र चालू ठेव. वाटेवरच आहे, आणि त्या पोराबद्दल लिहिताना तुझं अक्षरसुद्धा सुधारलंय!

येशूच्या गोष्टीतला चांगला शोमरोनी आठव, लूकचा १०वा अध्याय. यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी वाकडं, तरी लुटारूंनी वाटेत मारून टाकलेल्या माणसाच्या त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, 'जास्त लागले तर परतताना देईन' म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. त्याचा प्रवास चालूच राहिला. त्याबद्दल त्याला कुणी कमी दयाळू म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

तेव्हा मैत्रिणीला एकटीला गाठ. मत्तय १८:१५ मध्येही आधी दोघांतच बोला, असंच सांगितलंय. चारचौघांत नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. सरळ म्हण, 'महिन्यातून एक रविवार मी घेईन, बाकीचे जमणार नाहीत, मला उपासनेला जायचं असतं.' डोकेदुखीचं निमित्त सांगू नकोस, पुढच्या रविवारी दुसरं शोधावं लागेल. ती चार दिवस फुगून बसेल. बसू दे.

आता घरचं. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १३वा अध्याय आपण लग्नात हौसेने वाचतो, पण प्रेषित पौलाने तो लिहिला करिंथ शहरातल्या भांडकुदळ मंडळीला. त्यांच्यात तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनालाही काही जण आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून प्रीती काय करत नाही, याचीच यादी तिथे लांब आहे. चिडत नाही, अपकार स्मरत नाही. तुझ्या तारखा आठवल्या बघ मला. ती वही आधी बंद कर.

सासूबाई दोनदा विचारतात, कदाचित पहिल्यांदा ऐकूच येत नसेल. तू पाठ करून, मिक्सर चालू ठेवून उत्तर देतेस ना? (मीही हेच करायचे. माझ्या सासूबाईंनी शेवटी मला काही विचारणंच सोडलं, ते आजही टोचतं.) समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

राहिला कचरागाडीवाला. २०१७पासून आपण इंदूरकर स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून मिरवतो, तो अशा मुलांनी बादल्या परत केल्या म्हणूनच ना? उद्या गाडीचं गाणं ऐकू आलं की दोन्ही डबे घेऊन तू स्वतः खाली उतर. नाव विचार त्याचं. 'परवा चूक माझी होती भैया' एवढंच म्हण. मिठाईबिठाई नको. त्याला घाई असते, पुढची गल्ली उरकायची असते.

— तुझी ताई