बॅरल मोजण्याआधी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संशोधनासाठी ऑइल शेल घेऊ की ऑइल सँड्स, असं तू विचारलं आहेस. आणि अगदी शेवटी, संकोचून विचारल्यासारखं, ‘जग या इंधनांपासून दूर जात असताना हा विषय घ्यावा का?’ असंही. खरा प्रश्न तोच आहे. त्याच्याकडे येईनच, पण आधी तुझ्या टिपणातला एक गोंधळ सोडवू.

तू ‘शेल ऑइल’ आणि ‘ऑइल शेल’ हे शब्द अदलूनबदलून वापरले आहेस. घट्ट खडकात अडकलेलं तयार तेल आडव्या विहिरी घेऊन, दाबाने खडक फोडून काढतात, तो शेल ऑइलचा उद्योग वेगळा. ऑइल शेलमध्ये तेल नसतंच. त्यात असतं केरोजेन, म्हणजे प्रामुख्याने शेवाळाच्या अवशेषांपासून बनलेला घन पदार्थ. पुरेसा खोल गाडला न गेल्यामुळे तो कच्चाच राहिला. निसर्गाने लाखो वर्षं मंद आचेवर जे शिजवलं असतं, ते आपण रिटॉर्टमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, 500 अंश सेल्सिअसच्या आसपास चटकन शिजवू बघतो. ऑइल सँड्सची गोष्ट उलटी. तिथे तेल एकेकाळी होतं. सूक्ष्मजीवांनी त्यातला हलका भाग खाल्ला आणि डांबरासारखं बिट्युमेन मागे उरलं. एक कच्चं, दुसरं शिळं. दोन्हींना बाहेरून उष्णता द्यावी लागते, आणि ती कुठून आणायची, किती आणायची, यातच आयुष्यं गेली आहेत.

आता तुझं पहिलं वाक्य: ‘कोलोरॅडोच्या पिआन्स खोऱ्यात सुमारे 1.5 लाख कोटी बॅरल तेल आहे.’ ते खोड. आकडा बरोबर आहे, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचाच आहे. पण तो खडकात असलेल्या साठ्याचा आहे. त्यातलं किती काढणं परवडेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याऐवजी एक टन खडक समोर ठेव. चांगल्या प्रतीच्या शेलमधून टनाला साधारण 100 लिटर तेल मिळतं. तेवढ्यासाठी सगळा टन तापवावा लागतो. ढोबळ हिशेब केलास तर मिळालेल्या तेलातल्या ऊर्जेचा सहावा-सातवा हिस्सा नुसता दगड तापवण्यात जातो, तोही गरम दगडातली उष्णता परत वापरली नाही तर. खणणं, दळणं, तेल सुधारणं अजून धरलेलंच नाही. आणि हातात राहतो आठशे किलोंहून जास्त जळका दगड, जो मूळ खड्ड्यात मावत नाही, कारण फुटून-तापून त्याचं आकारमान वाढलेलं असतं.

हा हिशेब मी स्वतः चुकवलेला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी नमुना 800 अंशांपर्यंत तापवला आणि जेवढं वजन घटलं तेवढं सगळं सेंद्रिय पदार्थाच्या नावे लिहिलं. खडकात डोलोमाइट आणि कॅल्साइट ही चुनखडीसारखी खनिजं होती. ती तापल्यावर फुटतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि वर उष्णताही खातात. म्हणजे माझं उत्पादन फुगलं होतं आणि खर्च लपला होता. चार महिन्यांचं काम फेकावं लागलं. म्हणून सांगतो, कुठलाही आलेख काढण्याआधी नमुन्यात कोणकोणती खनिजं आहेत ते एक्स-रेने तपासून घे.

ऑइल सँड्सकडे वळलीस तर कार्ल क्लार्क यांचं काम नीट वाच. कॅनडातल्या अल्बर्टात 1920 च्या दशकात त्यांनी गरम पाण्याने वाळू धुऊन बिट्युमेन वेगळं करण्याची पद्धत बसवली. ती चालते यामागे एक बारीक गोष्ट आहे: तिथल्या अथाबास्का भागातली वाळू पाणी धरून ठेवते. बिट्युमेन कणाला थेट चिकटलेलं नसतं, मध्ये पाणी असतं, म्हणून ते सुटतं. अमेरिकेतल्या युटातल्या वाळूत तेल कणालाच चिकटलेलं असतं, तिथे हीच पद्धत अडखळते. तीच वाळू, तेच डांबर वाटतं, आणि एका पापुद्र्याने सगळं बदलतं! हे मला आजही थक्क करतं. क्लार्क 1966 च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या पद्धतीवर उभा राहिलेला पहिला मोठा कारखाना 1967 च्या सप्टेंबरात सुरू झाला.

खोलवरच्या वाळूसाठी रॉजर बटलर यांनी वाफेची युक्ती काढली. दोन आडव्या विहिरी, एकीखाली दुसरी, सुमारे पाच मीटर अंतरावर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची; पातळ झालेलं बिट्युमेन स्वतःच्या वजनाने खालच्या विहिरीत उतरतं. कल्पना किती साधी! पण एका बॅरलमागे दोन-तीन बॅरल पाण्याची वाफ लागते, आणि ती वाफ बहुतेक नैसर्गिक वायू जाळून होते. वाफेऐवजी द्रावक वापरण्याच्या प्रयोगांचं मूळ इथे आहे.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. 2 मे 1982 ला एक्सॉन या तेल कंपनीने कोलोरॅडोतला कॉलनी नावाचा ऑइल शेल प्रकल्प बंद केला आणि दोन हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. तिथे तो दिवस आजही ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखतात. पुढे शेल (Shell) या तेल कंपनीने खडक जमिनीतच विजेने तापवण्याचे, भोवतीचं भूजल गोठवून भिंत उभारण्याचे प्रयोग केले. 2013 मध्ये त्यांनीही कोलोरॅडोतलं ते काम सोडलं. तेलाचा भाव चढला की या खडकाकडे धावायचं आणि उतरला की पळायचं, असं घडत आलं आहे. तुझं संशोधन भावावर टेकवू नकोस.

आता तुझा दबका प्रश्न. विषय घे, असंच मी म्हणेन, पण मागच्या दाराने आत जा. अल्बर्टात वाळू धुतल्यावर उरलेला गाळ तलावांत साठवला आहे, 100 कोटी घनमीटरांहून जास्त. त्यातली बारीक चिकणमाती काही वर्षांत दह्यासारखी घट्ट होते आणि पुढे दशकानुदशकं तशीच तरंगत राहते. 2008 मध्ये अशाच एका तलावात उतरलेली सुमारे 1,600 बदकं मेली. एस्टोनियात शेल जाळून उरलेल्या राखेचे डोंगर आहेत. ती राख चुनखडीयुक्त आहे, म्हणून तिच्यातून काही उपयोगाचं करता येईल का, यावर तिथे काम चालू आहे. उद्या एक बॅरलही काढलं नाही तरी हा गाळ आणि ही राख जागेवरच राहणार. ती चिकणमाती खाली का बसत नाही, हे शोधणारी माणसं हवी आहेत. तू पृष्ठभाग-रसायनात चांगली आहेस, तुझे जुने अहवाल मी वाचले आहेत. मला तरी तुझी जागा तिथे दिसते.

आणि उष्णतेचा ताळेबंद उणे आला तर तो तसाच छाप. मार्गदर्शक कुरकुरले तरी छाप. पुढची एखादी मुलगी त्याच खडकात चार वर्षं घालवण्यापासून वाचेल.

पुढच्या पत्रात निष्कर्ष नकोत. नमुना कुठल्या खोलीवरचा, किती ओला, उघड्या हवेत किती दिवस पडला होता आणि वाळवताना किती तापवलास, एवढंच लिही. हवेत राहिलेलं बिट्युमेन बदलतं, म्हणून तारखा न विसरता घाल.

तुझा,
सर