शीळकरी कस्तूर कोकणातून कमी होतोय का?

तुम्ही विचारलंय की घाटाखाली पावसाळ्यात पहाटे ऐकू येणारी कस्तुराची शीळ आता येत नाही, म्हणजे पक्षी खरंच घटला का? जागतिक यादीत तो धोका नसलेल्या जातींत आहे. पण त्या शिक्क्यावरून तुमच्या पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) कस्तूर आहे की गेला, हे कळत नाही. माझं भांडण तिथेच आहे.

आमचं गाव साखरप्याकडे, आंबा घाटाच्या पायथ्याशी. वाडीच्या जुन्या साकवाखाली दगडी खांबाच्या खाचेत त्याचं घरटं असायचं. शेवाळ आणि मुळं चिखलात थापून केलेलं, तुषारांनी कायम ओलं. मृग लागला की उजाडायच्या आत शीळ सुरू. पऱ्या कितीही भरून वाहू दे, पाण्याच्या आवाजावरून ती घरात ऐकू यायची. उजाडलं की हा दगडावर खेकडा आपटताना दिसायचा. अंग काळं, कपाळावर आणि खांद्यावर झळझळीत निळा. मग साकव पाडून सिमेंटचे पाइप टाकले, भरावाने डोह बुजवला. त्या पावसापासून शीळ बंद.

हे मी शहरातून आलेल्या एका पक्षीनिरीक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, "काका, हा अनुभव झाला, डेटा नव्हे. मला जानेवारीत इथेच दिसला." अरे, पण जानेवारीत वीण संपलेली असते, पक्षी इकडेतिकडे पांगलेले असतात. तेव्हा दिसलेला कस्तूर इथे घरटं करतो असं कुणी सांगितलं?

आता डेटाचंच बोलू. भारतातल्या पक्ष्यांच्या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यातल्या फक्त ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, आणि त्यांपैकी ६० टक्के घटलेल्या निघाल्या. हा कल निघतो ई-बर्डवरच्या, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावरच्या, याद्यांतून: शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, आणि २००० सालापूर्वी किती याद्यांत होता. त्या काळी जुलैच्या धो धो पावसात आमच्या पऱ्यावर वही घेऊन कोण उभं होतं? गावकरी होते, पण त्यांची वही कुणी मागितली नाही.

एका साकवावरून सह्याद्रीचा कल ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. हा पक्षी पुलाखाली, घराच्या वळचणीलाही घरटं करतो, त्यामुळे आमची जोडी वर घाटात सरकलीही असेल. म्हणून तुम्ही जून ते ऑगस्ट एकाच जागी पहाटे उभे राहा आणि कावळा-साळुंकीसकट पूर्ण यादी ई-बर्डवर टाका. शीळ आली नाही त्या दिवशीचीही टाका, घट त्याच याद्यांतून दिसते. पूल होणार असेल तर दगडाची एक खाच आणि डोह राखायला ठेकेदाराला आधीच सांगा. आणि कुणी "हा नुसता अनुभव" म्हणालं, तर त्याची जुलैची यादी मागा.