चाळीस मायक्रोग्रॅम जस्त समुद्राचं नाही, बादलीचं असावं

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातलं पाणी पत्र्याच्या बादलीने काढलं, आंबा घाटातून कोल्हापूरला आणलं, न गाळताच आम्ल घातलं आणि थेट एएएसवर (धातू मोजायच्या अणुशोषण यंत्रावर) लावलं. जस्त लिटरला 40 मायक्रोग्रॅम आलं, लोह त्याहून जास्त. हे प्रबंधात घालू का, असा प्रश्न आहे. माझ्या मते असंच घालू नका.

प्रशांत महासागरात खोलवर, जिथे जस्त सर्वांत जास्त सापडतं, तिथेही ते लिटरला 1 मायक्रोग्रॅमच्या आत असतं. पृष्ठभागावर तर जेमतेम काही नॅनोग्रॅम. बंदरात जास्त असणारच, पण पत्र्याच्या बादलीला जस्ताचाच मुलामा असतो. रबरातही जस्त असतं आणि पावडरवाल्या हातमोज्यांतूनही ते येतं. 1970च्या दशकापर्यंत भल्याभल्यांचे आकडे असेच फुगलेले होते. 1978 साली समुद्रशास्त्रज्ञ ब्रुलँड आणि सहकाऱ्यांनी स्वच्छतेची पराकाष्ठा करून मोजलं, तेव्हा कुठे जस्त खोलीनुसार, पाण्यात विरघळलेल्या सिलिकेटसारखंच, वाढत जातं हे दिसलं. तोवर ते प्रदूषणाच्या गोंधळात झाकलेलं होतं!

लोहाचं कारण वेगळं. कोकणातली जांभ्याची माती बारीक कणांनी पाण्यात तरंगते. न गाळता आम्ल घातलंत की कणांतलं लोह सुटतं आणि 'विरघळलेलं' म्हणून मोजलं जातं. म्हणून आधी 0.2 किंवा 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मग शुद्ध आम्लाने पीएच 2च्या खाली आणायचा. तोही लवकर, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात.

लिटरला 35 ग्रॅम मीठ असलेलं पाणी थेट यंत्रात घालू नका. आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या ज्वाळेत नमुना पेटवून अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) तर आर्गॉन आणि सोडियम जुळून वस्तुमान 63वर येतात, म्हणजे नेमके तांब्याच्या जागी. पातळ केलं तर धातूच सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे चिलेटिंग रेझिन: पीएच 6च्या आसपास धातू धरून ठेवायचे, मीठ धुऊन टाकायचं, मग थोड्याशा नायट्रिक आम्लात धातू उतरवायचे.

पुढच्या खेपेला आम्लाने धुतलेल्या एलडीपीई (मऊ पॉलिथिनच्या) बाटल्या न्या. त्यांतल्या एकीत प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी भरून तीही रत्नागिरीला न्या, तिथेच उघडा, तसंच गाळा, तेच आम्ल घाला. ही ब्लँक, म्हणजे कोरा नमुना, जो आकडा देईल त्याहून नमुना स्पष्टपणे वर गेला, तरच तो समुद्राचा. पद्धत तपासायला किनाऱ्याच्या पाण्यासाठी कॅनडाचं कॅस हे प्रमाणित पाणी मिळतं, खुल्या समुद्रासाठी नॅस. महाग आहे, पण विभागाने एक बाटली तरी मागवावी.

आत्ताच्या नमुन्यांतलं लोह 'न गाळलेल्या नमुन्यातलं, आम्लात सुटणारं' असं स्पष्ट लिहून ठेवता येईल, तेही एएएसवरची मिठाची बाधा तपासून. जस्ताचा रकाना मात्र काढून टाका.